चोवीस तासांची लघवी तपासणी



पाली वाङ्मयात शरीराचे जे बत्तीस भाग सांगितले आहेत, त्यांत 'वक्क' आणि 'मुत्त' हे दोन आहेत. वक्क म्हणजे मूत्रपिंड, मुत्त म्हणजे लघवी. भिक्खू हे शब्द निःसंकोचपणे उच्चारतात. आपण मात्र डॉक्टरांनी लघवी जमा करायला सांगितली की लाजतो. एका खोलीच्या घरात डबा ठेवायचा कुठे, पाहुणे काय म्हणतील? मग एक-दोन वेळची लघवी बाहेरच टाकली जाते. तपासणी वाया गेली तर एक वेळ चालेल, पण ती खोटा आकडा देते.

क्रिएटिनिन हा स्नायूंत सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून लघवीत सोडतात. दिवसभरात तो किती बाहेर पडला आणि रक्तात किती आहे, यावरून गाळण्याचा वेग काढतात. समजा, एका गृहस्थाच्या १०० मि.लि. रक्तद्रवात क्रिएटिनिन १ मि.ग्रॅ. आहे, दिवसाची लघवी १५०० मि.लि. आणि तिच्या दर १०० मि.लि.मध्ये ८० मि.ग्रॅ. क्रिएटिनिन आहे. हिशेब येतो मिनिटाला सुमारे ८३ मि.लि. त्यांनी ३०० मि.लि. लघवी बाहेर टाकली असती, तर तोच आकडा ६७ झाला असता. मूत्रपिंडे तीच, कागदावर मात्र आजारी! उलट आदल्या रात्रीची लघवी मिसळली, तर आजारी माणूस निरोगी ठरतो आणि उपचार लांबतो. हे अधिक घातक.

म्हणून नीट समजून घ्या. रविवारी सकाळी ६ वाजता लघवी करा आणि ती टाकून द्या, कारण ती रात्रीची आहे. वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीचीसुद्धा, डब्यात गेली पाहिजे. सोमवारी सकाळी ६ची शेवटची लघवीही डब्यातच. पुष्कळजण नेमके उलटे करतात. शौचाला बसण्यापूर्वी लघवी वेगळी घ्यावी. डबा प्रयोगशाळेचाच असावा. काही तपासण्यांसाठी त्यात आधीच आम्ल घातलेले असते. ते ओतू नये आणि थेट डब्यात लघवी करू नये, भांड्यात घेऊन ओतावी. फ्रीज नसल्यास डबा बर्फाच्या बादलीत ठेवावा. भगिनींनी पाळीचे दिवस टाळावेत. एखादी वेळ चुकलीच तर तसे सांगून नव्या डब्याने पुन्हा सुरुवात करावी.

याच लघवीतून क्षारांचाही हिशेब लागतो. १ ग्रॅम मिठात सुमारे १७ मिलिमोल सोडियम असते. रिपोर्टात १७० आले, तर पोटात रोज १० ग्रॅमच्या आसपास मीठ जाते असे समजावे. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमपेक्षा कमी खा म्हणते. "मी वरून मीठ घेतच नाही" म्हणणाऱ्यांचे सुकट, पापड, लोणचे इथे उघडे पडते. म्हणून त्या दिवशी मुद्दाम अळणी खाऊ नये, जेवण नेहमीचेच ठेवावे. रक्तातील पोटॅशियम घटले असेल, तर ते जुलाबावाटे गेले की मूत्रपिंडांवाटे, हेही लघवी सांगते.

ही तपासणी सर्वांना लागत नाही. आता रक्तातील क्रिएटिनिनवरूनच गाळण्याचा वेग अंदाजता येतो. वारंवार मुतखडा होणारे, फार कृश किंवा अवयव गमावलेले रुग्ण आणि मूत्रपिंड दान करू इच्छिणारे, यांना डॉक्टर ती सांगतात. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. त्याला सकाळच्या लघवीची एक लहान बाटली पुरते.