31 मार्च पाहून घ्या

नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर सही-शिक्का आहे का ते सगळे बघतात. खाली मुदत छापलेली असते, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझा अर्ज भरून देणाऱ्या सायबरवाल्यानेही दाखला उलटसुलट केला, "चालतंय ताई" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अर्जांची पडताळणी करणाऱ्या बाईंनी मात्र पेनचं टोक थेट त्या तारखेवर टेकवलं. मुदत त्याच वर्षीच्या 31 मार्चला संपली होती. प्रवेशाला लागतो तो पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारा दाखला. नवा हातात येईपर्यंत पोर्टलवरची मुदत उलटली आणि माझं नाव ओबीसीतून उचलून खुल्या प्रवर्गात टाकलं गेलं. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण हवी ती शाखा गेली आणि फीमधली सवलतही गेली.

बाबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "जात बदलली काय गो आपली? मंग दाखला कशाला बदलाचा?" प्रश्न चुकीचा नव्हता. जातीचा दाखला जन्मभराचा असतो, पण नॉन-क्रिमीलेअर हा घराच्या उत्पन्नाशी बांधलेला कागद आहे, म्हणून त्याला मुदत असते. घरात पाच आकडी पगारसुद्धा नसलेल्या माणसाला आपण 'क्रिमी' नाही हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, याचं हसू येतं. पण खिडकीपलीकडे बसलेल्याला त्या हसण्याशी काही घेणं नसतं.

आमचं घर घणसोली गावातलं, आगरी. तेव्हापासून मे महिना लागला की भावकीतली, शेजारपाजारची पोरं फायली घेऊन माझ्याकडे येतात. दरवर्षी त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्या वाटेला जात नाही. शाळेत बाई घरी निरोप पाठवतात, वहीत शेरा मारतात. कॉलेजात नोटीस लागते आणि ती वाचली असं धरलं जातं. पोरं मार खातात ती इथे.

कागदांची सुरुवात बारावीच्या निकालानंतर करू नका, अकरावी संपली की करा. त्यातही जात पडताळणी, म्हणजे ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात, ती सगळ्यात आधी. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या कागदावर जातीची नोंद हवी. माझ्या आजोबांनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं होतं, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, शाईने लिहिलेलं, पुढे 'आगरी'. आडनावाच्या जागी मात्र गावाचं नाव होतं. मग हेच ते गृहस्थ हे दाखवायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र आलं. ज्यांच्या घरात कुणीच शाळेत गेलं नव्हतं, त्यांनी जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी काढाव्यात. घरात काकाची किंवा चुलत बहिणीची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत पहिल्यांदा मागून घ्या, अर्धं काम तिथे होतं. भावकीत अबोला असेल तर या निमित्ताने तो मोडा. नुसत्या अर्जाच्या पावतीवर कधी काही महिन्यांची सूट मिळते, कधी मिळत नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका काय म्हणते तेच खरं, गेल्या वर्षी मावसभावाचं चाललं होतं याला काही अर्थ नाही.

नवी मुंबईत आणखी एक गोम आहे. शहर एक म्हणतो, पण जिल्हे दोन. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि ठाणे तालुका. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा सगळा भाग रायगडात. नेरूळचं भाड्याचं घर सोडून खारघरला गेलेल्या कुटुंबाचं रेशनकार्ड ठाण्याचं, आधार रायगडचं आणि पोराचा शाळा सोडल्याचा दाखला तिसऱ्याच ठिकाणचा, असं सर्रास दिसतं. उत्पन्नाचा दाखला एका तहसीलचा आणि पत्ता दुसऱ्या तहसीलचा, की अर्ज परत. घर बदललं असेल तर आधी पत्ता सगळीकडे एकसारखा करून घ्या, मग सेतूची किंवा आपले सरकारची पायरी चढा. नावाच्या स्पेलिंगचंही तेच. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे ते प्रमाण धरायचं आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे.

पसंतीक्रम भरताना लोक उगाच जुगार खेळल्यासारखे वागतात. "पहिलं मोठं कॉलेज टाकलं तर नंबर फुकट जाईल का?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. फुकट जात नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणांना जी पहिली जागा मिळते ती देते. म्हणून यादी इच्छेप्रमाणे लावा, अंदाजाप्रमाणे नको. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया 2025 पासून राज्यभर झाली, तिथे दहापर्यंत पसंत्या देता येतात. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. मैत्रिणीने टाकलं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

नाव वाचून टिक करू नका, कोड जुळवा. वाशी, नेरूळ, खारघरला एकाच संस्थेची चार-चार कॉलेजं एकाच आवारात असतात, नावं जवळजवळ सारखी. एकाच इमारतीत, एकाच वर्गाच्या भिंतीपलीकडे अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी असते आणि दोन्हींच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. ऑफिसात जाऊन सरळ विचारा: ही तुकडी कुठली, कॉलेज स्वायत्त आहे का, परीक्षा कोण घेणार, वर्षाची एकूण फी किती आणि त्यात काय काय येतं. उत्तर देणारा चिडला तरी चालेल. कागदावर लिहून मागितलं की आवाज आपोआप खाली येतो.

फेऱ्या सुरू व्हायच्या आधीच 'मॅनेजमेंटची शेवटची जागा' म्हणून फोन येतात. माझ्या मामेभावाने अशा एका जागेसाठी पैसे भरले आणि पुढे त्याला दुसरीकडे चांगली जागा लागली, तर पहिल्या कॉलेजने त्याची मूळ मार्कशीट अडवून ठेवली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम सांगतो की मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, पाच टक्के आणि तेही फार तर पाच हजार रुपये कापून. नंतर टक्का उतरत जातो: नव्वद, ऐंशी, पन्नास, आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. आम्ही त्या नियमाची प्रत काढून अर्जाला जोडली, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. मार्कशीट त्याच आठवड्यात मिळाली. तोंडी भांडून तोवर काहीच हललं नव्हतं.

प्रवासाचं सांगायला हवं, कारण पहिल्या महिन्यात निम्मी दमछाक तिथेच होते. ठाण्याहून येणाऱ्या ट्रान्स हार्बरच्या गाड्या तुर्भ्यानंतर फुटतात. वाशीची गाडी सानपाड्याला वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरला. आमच्या घणसोलीतून नेरूळला जाणारी नवी पोरं पहिल्या आठवड्यात हमखास वाशीच्या गाडीत चढतात आणि सानपाड्याला उतरून हार्बरची वाट बघत बसतात. इंडिकेटर वाचून चढा. खारघर-तळोज्याकडच्या मुलांना नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे, रिक्षाच्या रांगेपेक्षा ती बरी. रेल्वेच्या सवलतीच्या पासचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो आणि तो थोड्याच दिवसांपुरता चालतो, म्हणून मिळाला त्याच दिवशी स्टेशनच्या खिडकीवर जा. तिमाही पास काढा, दर महिन्याला ऑफिससमोर रांग लावायची नसेल तर. आणि परीक्षा किंवा कागदपत्रांचं काम रविवारी असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघून ठेवा.

खरेदी घाईने करू नका. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर आणि शीट ठेवायचा नळा लागतो. मुलं दोन्ही नवी कोरी घेतात आणि वर्षअखेरीला माळ्यावर टाकतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे ती पडलेलीच असतात. माझा ड्राफ्टर एका सीनियर दादाकडून आला होता, स्क्रू ढिला होता, तो दहा रुपयांत बदलला. तो नळा घेऊन सकाळच्या लेडीज डब्यात चढणं ही वेगळी परीक्षा आहे, तिचे मार्क कुणी देत नाही. लॅपटॉपही पहिल्या दिवशी लागत नाही. कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं आहे ते कळलं की मग घ्या.

आता पहिली सेमिस्टर. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात, परीक्षा मात्र फारशी मागे सरकत नाही. शेवटच्या फेरीत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशीच वर्ग तिसऱ्या धड्यावर दिसतो. त्याने आधी वेळापत्रक आणि प्रॅक्टिकलची बॅच लिहून घ्यावी, मग सुटलेल्या नोट्स. हजेरी 75 टक्के लागते आणि ती विषयवार बघतात. डिफॉल्टर यादीत नाव लागलं की टर्मवर्कचे गुण, सबमिशन, व्हायवा सगळीकडे त्याची सावली पडते. केटी लागली तर जगबुडी होत नाही. एटीकेटीचे नियम तुमच्या अभ्यासक्रमाला काय आहेत ते मात्र पहिल्याच महिन्यात वाचा. किती केटींवर पुढच्या वर्षात जाता येतं हे निकालानंतर कळून उपयोग नाही.

बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणाऱ्यांचा घोळ वेगळा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी विषयांची मांडणी आली, सेमिस्टरला 22 क्रेडिट. तीन वर्षांचे 132 झाले की पदवी, चौथं वर्ष करून 176 झाले की ऑनर्स. हे क्रेडिट तुमच्या एबीसी आयडीवर जमा होतात. तो आधारवरून निघतो, आणि आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळत नसेल तर इथे पुन्हा अडतं. मायनर निवडताना 'सोपा कुठला' एवढंच विचारू नका. तो विषय त्या कॉलेजात पुढच्या सेमिस्टरलाही शिकवायला माणूस आहे का, हे विचारा.

रॅगिंगबद्दल एकच. राज्यात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये भरून ठेवा, हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

मुलींच्या आईबापांना आवर्जून सांगते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. बाकीचे आकार वेगळे, ते ऑफिसात विचारून घ्या. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दर वर्षी नव्याने भरायचा. पहिल्या वर्षी माफी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. पैसे जमा होतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात, म्हणून मुलीच्या स्वतःच्या नावाचं खातं आत्ताच उघडा आणि बँकेत जाऊन आधार जोडलं गेलंय का ते पासबुकासकट विचारून या. बापाच्या खात्याचा नंबर टाकून वाट बघत बसलेल्या दोघी जणी गेल्या वर्षी माझ्या ओटीवर आल्या होत्या.