मनातली मूर्ती, मेणाची मूर्ती, धातूची मूर्ती



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय २७. उद्धव विचारतो, देवा, तुझी पूजा कशी करायची? उत्तर देताना कृष्ण प्रतिमांचे आठ प्रकार सांगतो. दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चितारलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. (संस्कृत जड जात असेल तर नाथांचं एकनाथी भागवत याच स्कंधावर आहे. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालं.)

यादीचा क्रम बघा. मनातली मूर्ती सातवी, वाळू आणि रत्न यांच्या मध्ये. "मानसपूजा जमत असेल तर पितळेची मूर्ती कशाला?" हा प्रश्न आपल्यापैकी बरेच जण विचारतात. कृष्णाने मात्र दोघींना एकाच रांगेत बसवलंय.

ही रांग प्रत्यक्षात कशी दिसते, ते तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत कळतं. तिथले स्थपती चोळांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने मूर्ती ओततात. आधी ध्यानश्लोकातलं रूप मनात धरायचं. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या पातीची पट्टी घ्यायची आणि तिला घड्या घालून तालमान ठरवायचं. मग मेणात राळ मिसळून अख्खी मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर द्यायचे आणि साचा तापवायचा. मेण वाहून जातं. त्या पोकळीत तांबं, पितळ, थोडं शिसं आणि नावापुरतं सोनं-चांदी असलेला रस ओततात. शेवटी साचा फोडतात. म्हणजे बॅकअप नाही! तीच मूर्ती पुन्हा हवी असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

या विद्येला म्हणतात मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, अर्थात मेण. काय शब्द आहे! १२ व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासातही ही रीत आलीय. मेण तोलून घ्या आणि चांदी त्याच्या १२ पट, सोनं १६ पट घ्या, असा हिशोब तिथे आहे. माझ्यातल्या इंजिनियरला तो घनतेचा तक्ताच वाटला.

आता नटराज. मागच्या उजव्या हातात डमरू म्हणजे सृष्टी, मागच्या डाव्या हातात अग्नी म्हणजे संहार. पुढचा उजवा हात अभय देतो, तो स्थिती. पुढचा डावा हात उचललेल्या पावलाकडे खूण करतो, तो अनुग्रह. रोवलेलं पाऊल म्हणजे तिरोभाव, आणि त्याखाली अपस्मार, अज्ञानाचा बुटका. हा अपस्मार मेलेला नसतो हं. दबलेला असतो, पण जिवंत. पाय उचलला तर उठेल. हे कळल्यावर नटराज टीव्हीशेजारी शोपीस म्हणून ठेवायला माझं तरी मन होत नाही.

चोळांच्या उत्सवमूर्तींच्या बैठकीला भोकं किंवा कड्या असतात, दांडे घालून मिरवणुकीत न्यायला. गाभाऱ्यातला देव जागचा हलत नाही, हा धातूचा देव लोकांकडे जातो. अध्यायातही चल आणि अचल असा भेद आलाय. लेपाच्या आणि चितारलेल्या मूर्तीला स्नान नाही, ती नुसती पुसायची, असंही सांगितलंय. धातूच्या मूर्तीला मात्र रोजची आंघोळ चालते.

त्या आंघोळीनेच आमच्या देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाचं नाक-डोळे पुसट झालेत. आजीने लग्नात आणलेला तो. चिंच लावून लावून चेहरा जवळजवळ गुळगुळीत. नव्या फ्लॅटमध्ये जाताना घरात विषय निघाला: ऑनलाइन छान चकचकीत मिळतात, नवा घेऊ या का? मी नको म्हटलं. झिजणं म्हणजे भंगणं नव्हे, असं माझं मत. आणि आईला त्या गुळगुळीत चेहऱ्यावरही डोळे कुठे होते ते बरोब्बर माहीत आहे. गंध लावताना तिचं बोट तिथेच जातं. तिच्यापाशी ती मूर्ती तिसऱ्या प्रकारची आहे की सातव्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या देव्हाऱ्यातली सगळ्यात झिजलेली मूर्ती कोणती? आज हातात घेऊन बघा. उद्या अध्याय २८.