बांध आणि मानस



नंदिगड्ड्याच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्यास बांधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पावसात खाचराची मेर खचली की पाणी जाते आणि पाण्याबरोबर मातीही जाते. आपल्याच जोयडा तालुक्यात काळी नदीवर १९८७ साली सुपे धरण पूर्ण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. आज मात्र आपण शेजारच्या गोव्यातील खाजण शेतीच्या बांधाचा विचार करू.

मांडवी, झुआरी या नद्यांच्या काठची खाजणे भरतीच्या पातळीहून सखल आहेत. गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी माती, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून ही जमीन खाऱ्या पाण्यापासून राखली. पावसाने खार धुतला की तेथे ‘कोरगुट’ हे खार सोसणारे भात पिकते.

आता नीट लक्ष द्या. हा बांध म्हणजे आंधळी भिंत नव्हे. त्यात लाकडी झडपांचे एक दार असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. दार नसते, तर पावसाच्याच पाण्याने शेत कुजले असते. या दाराला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. शब्दाचे मूळ काहीही असो, साधकाला हे नाव विचार करावयास लावणारे आहे.

आपण ‘संयमाचा बांध’ म्हणतो, ‘बांध फुटला’ असेही म्हणतो. पण संयम म्हणजे सर्व काही आत कोंडणे, अशी आपली समजूत असते. कोंडलेला राग आतल्या आत कुजतो आणि एके दिवशी बांधासकट वाहून जातो. खरा संयम दारासारखा असतो. बाहेरून लोभाची भरती आली असता तो मिटतो. आतले दुःख, आतली चूक शरणांच्या संगतीत मोकळी करण्यासाठी तो उघडतो. अनुभवमंटपात शरण एकमेकांपुढे मन उघडीत, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट. खाजणाच्या बांधाला खेकडे भोके पाडतात. भोक बोटाएवढे असते तेव्हा मूठभर चिखल पुरतो. दुर्लक्ष केले तर भगदाड पडते. खारे पाणी शिरलेले शेत पुढच्या एकाच पावसाळ्यात सुधारेल याची खात्री नसते. पूर्वी ही देखरेख गावकारीकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जुनी व्यवस्था सैल झाली, आणि काही ठिकाणी तर मासळीच्या जादा उत्पन्नासाठी बांध मुद्दाम फोडले गेले. बसवण्णांच्या एका वचनात बांधानेच पाणी पिण्याची उपमा आहे, तिचे मर्म येथे उमगते. ज्याने राखावे त्यानेच खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी? घरातला वडीलधारा, गावचा पंच, मठाचा सेवक, प्रत्येकाने हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.

तिसरी गोष्ट सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची. बाराव्या शतकात त्यांनी लोकांसाठी मोठे तळे बांधविले. अल्लमप्रभू तेथे आले, त्यांनी त्यांना दगडमातीचा ओड्ड म्हणून डिवचले आणि अंतरंगाकडे वळविले, अशी कथा शून्यसंपादनेत आहे. अल्लमांनी तळे व्यर्थ ठरविले, असा याचा अर्थ करू नये. तहानलेल्याला पाणी देणारे काम हे कायकच आहे. मात्र ‘हे मी बांधले’ हा अभिमान त्या बांधाला पडलेले भोक होय.

म्हणून वाचकहो, या पावसाळ्यात मेर लिंपताना एवढे करावे. रात्री इष्टलिंगपूजेस बसण्यापूर्वी आपल्या बांधावरून एक फेरी मारावी. आज कोठे भोक पडले? दार वेळेवर मिटले का? वेळेवर उघडले का? भोक लहान आहे तोवरच चिखल लावावा.

शरणु शरणार्थी.