पावणेतीन लाख आणि कोपऱ्यातल्या गाद्या

स्पीकरची जोडी 1,85,000. अ‍ॅम्प्लिफायर 72,000. तारा 18,000. बिल अजून माझ्या फायलीत आहे. आणि एवढे पैसे मोजून माझ्या हॉलमध्ये भीमसेनजींच्या मागचा डग्गा ऐकू यायचा तो शेजारी कुणी रिकामं पिंप बडवत असल्यासारखा.

दुकानात असं वाजत नव्हतं. तिथली ऐकायची खोली ऐसपैस, खाली जाड गालिचा, भिंतींना कापडी पॅनेल. माझा हॉल दहा बाय बारा. खाली फरशी, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, बाकी सगळ्या उघड्या भिंती. हे माप मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर दुकानदारानं एकही प्रश्न विचारला नाही. "काका, आयुष्यात एकदाच घेताय, मन मारू नका," एवढंच म्हणाला. माझी तयारी साठ हजारांची होती. तेवढ्या किमतीची जोडी त्यानं हळू लावली आणि महागडी मोठ्यानं. आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तोच सरस वाटतो, हे त्या धंद्यात मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं. मला नव्हतं. वर, हे स्पीकर 40,000 हर्ट्झपर्यंत जातात असंही ऐकवलं. माणसाचा कान तरुणपणी 20,000 पर्यंत जातो, साठीनंतर 12,000 च्या वरचंही नीट ऐकू येत नाही. माझं वय त्याला समोर दिसत होतं.

तक्रारीवर उत्तरं तयारच होती. आधी, "स्पीकर अजून मोकळे झाले नाहीत, दोनशे तास वाजू द्या." दिले. मग, "तारा साध्या आहेत." घेतल्या. पुढे मुलीनं मला पाठमोरं बसवून दहा वेळा तारांची अदलाबदल केली. कुठली तार कधी जोडली, ते मी पाच वेळा बरोबर सांगितलं आणि पाच वेळा चूक. शेवटी, "काका, अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय, दुप्पट वॅटचा घ्या." तिथे मात्र मी हात आखडला.

मग दिवाळीची साफसफाई आली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कापसाच्या सात गाद्या उन्हं देऊन खाली आणल्या आणि तात्पुरत्या हॉलच्या दोन कोपऱ्यांत, स्पीकरांच्या मागे रचल्या. हिनं सहज म्हटलं, लावा काहीतरी. लावलं, आणि हातातलं फडकं हातातच राहिलं. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येत होती. पिंप गेलं होतं. गाद्या बेडरूममध्ये नेल्या, पिंप परत आलं. पुन्हा आणल्या, मींड परत आली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा मी खाली फरशीवर बसलो. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त संताप आला होता.

हिशेब शाळकरी आहे. आवाज सेकंदाला साधारण 1,130 फूट जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा. बारा फुटांना उत्तर 47 हर्ट्झ, त्याची दुप्पट 94. त्या सुरांवर खोली स्वतःच घुमते, आणि डग्ग्याचा घुमारा त्याच टापूत येतो. स्पीकर कोपऱ्यात असले तर आणखीच. दुप्पट वॅट घेतले असते तर आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढला असता आणि त्याबरोबर खोलीही घुमली असती. फ्लॅटमध्ये रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात.

दुकानदाराला फोन केला. "खोलीचं आम्ही काय सांगणार, काका?" परत घ्या म्हटलं, तर पाच महिने वापरलेल्या जोडीचे 90,000 देऊ केले.

म्हणून सांगतो. आधी खोली मोजा, मग पैसे. दहा बाय बाराला जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर नकोतच. छोटी जोडी स्टँडवर, भिंतीपासून दोन फूट पुढे. साठ हजारांत हे बसतं, माझा पहिला आकडाच बरोबर होता. पडद्यांनी आवाजाची धार कमी होते, घुमारा जात नाही. त्याला कोपऱ्यात जाड, भरीव काहीतरी लागतं, नाहीतर बसायची जागा फूटभर मागे-पुढे करून बघा. तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम. तुम्ही काय ऐकता तेही बघा. केसरबाईंच्या 78 च्या तबकड्या एकाच चॅनेलवर मुद्रित आहेत, तिथे लाखाची जोडी जास्तीचं काही काढून देत नाही. स्वतःची रेकॉर्डिंगं दुकानात न्या, दोन्ही जोड्या सारख्याच आवाजात लावायला लावा. घाई करू नका, पक्कं बिल घ्या. आणि घरी आणून ऐकू देत नसेल तर त्या दुकानाची पायरी उतरा. हे एकच केलं असतं तर माझे दोन लाख वाचले असते.

गाद्या अजून कोपऱ्यातच आहेत, वर सोलापुरी चादर टाकली आहे. गेल्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला, नवं मॉडेल आलंय म्हणून. मी म्हटलं, आधी घरी या, गाद्या काढून आणि ठेवून, दोन्ही ऐका. येतो म्हणाला. अजून आलेला नाही.