जुन्या मोटारीचा ताप आणि टॅपेटचा आवाज

कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून बाहेर पडली. तथापि काही खाजगी मालकांनी या गाड्या जतन केल्या आहेत. १,०८९ घन सेंटिमीटरच्या या चार सिलिंडरी इंजिनाबाबत दोन तक्रारी वारंवार आढळतात : इंजिन तापते आणि टॅपेट वाजतात. या दोन लक्षणांचा परस्परसंबंध ध्यानी न घेता केलेली दुरुस्ती महागात पडते.

ताप केव्हा चढतो?

इंजिन कोणत्या स्थितीत तापते, हे प्रथम पाहावे. गर्दीत, मंद गतीत काटा चढत असेल तर फॅनबेल्ट सैल झाल्याचा संभव असतो. घाटात किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट व इग्निशनचे टायमिंग तपासावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. बाहेर गळती नसताना पाणी घटत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटविषयी शंका घ्यावी.

महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी उघडे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून दाब टिकवणारे रेडिएटरचे टोपण सुस्थितीत असणे अगत्याचे आहे. गरम इंजिनाचे टोपण मात्र कदापि उघडू नये, तसेच त्यात एकदम थंड पाणी ओतू नये. या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने ते अतितापाने वाकते.

आवाज कशाचा?

व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. त्यामुळे टॅपेटची टकटक इंजिनाच्या निम्म्या लयीत ऐकू येते. प्रथम डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. नंतर इंजिन मंद चालू ठेवून एकेका रॉकरखाली फीलर गेजची पाती सरकवावी. ज्या ठिकाणी आवाज दबतो, तेथील अंतर वाढलेले किंवा भाग झिजलेला असतो. केवळ चढावर, जोर देताना येणारी खडखड टॅपेटची नसून बहुधा अवेळी होणाऱ्या ज्वलनाची असते. इंजिनाचा अतिताप हेही तिचे एक कारण होय.

शांतता घातक ठरते तेव्हा

आवाज नको म्हणून टॅपेट प्रमाणाबाहेर आवळण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. आवाज थांबतो, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता त्याच्या बैठकीवाटे बाहेर जाते. तो मार्ग खंडित झाल्यास व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन घटते व गाडी चढावर दम तोडते. किंचित टकटक ही सुस्थितीची खूण समजावी. अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार, तीत सांगितलेल्या थंड किंवा गरम स्थितीतच राखावे.

पाणी, ऑइल, काट्याची स्थिती आणि आवाजाची वेळ यांची नोंद वहीत ठेवल्यास निदान सोपे होते. इंजिन उघडण्यापूर्वी ही वही मिस्त्रीपुढे ठेवावी.