राखणीची बंदूक आणि काडतूस

शेताच्या राखणीसाठी ठेवायची बंदूक म्हणजे रायफल नव्हे. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो आणि तिची एकच गोळी किलोमीटरभराहून पुढे जाते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात भाताच्या खाचरापलीकडे पायवाट आणि पायवाटेपलीकडे कुणाचे तरी घर असते. तिथे असले हत्यार चालवणे वेडेपणाचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूकच धरली आहे. तिने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. ती बहुधा एकनळी किंवा दुनळी बाराबोर असते. तिची नळी २० इंचांहून आखूड चालत नाही.

परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलीस चौकशी होते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि बंदूक घरात कुलपात राहील ही हमीही द्यावी लागते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला यात आणखी एक अट आहे. तिथले भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही, आणि आधीपासून परवाना असलेल्यांना वनखात्याकडे नावाची नोंद करावी लागते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या माणसाने आपल्या गावाचे हे अंतर सर्वांत आधी पाहावे. प्रस्तुत लेखकाने क्रम उलटा केला. जुनी एकनळी स्वस्तात मिळते म्हणून बयाणा आधी दिला, अर्ज मागाहून केला. परवाना हाती येईपर्यंत दोन सुग्या गेल्या, आणि बयाण्यावरून विकणाऱ्याशी झालेली कटकट वेगळीच.

जुनी बंदूक घेताना दस्त्याच्या पॉलिशकडे पाहू नये. नळी उघडून, आत काडतूस नाही याची खात्री करून, मागच्या बाजूने उजेडाकडे धरावी. आत गंजाचे खड्डे किंवा फुगवटा दिसला तर सौदा तिथेच सोडावा. बंदूक मिटल्यावर नळी आणि दस्ता यांच्यात हालचाल नसावी. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या बंदुकींचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते, तर बाजारात काडतुसे ७० ची मिळतात. ७० हा आकडा उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाचा असतो. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असल्याने ते ६५ च्या घरात बिनतक्रार बसते, बंदूकही मिटते, आणि फसगत तिथेच होते. बार होताना तोंडाला उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. प्रस्तुत लेखकाने अशी पाच काडतुसे उडवली. खांदा नेहमीपेक्षा जास्त दुखतो एवढेच तेव्हा जाणवले. कारण एका जुन्या कारागिराने नळीवरचा आकडा दाखवला तेव्हा कळले.

बाराबोर हे नाव शिशाच्या वजनावरून पडले आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी भरेल तेवढा नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आपल्याकडची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनतात. छर्ऱ्यांचा क्रमांक जितका मोठा तितका छर्रा बारीक: सहा क्रमांकाचा बारीक, चारचा त्याहून जाड, आणि एलजी-एसजी हे वाटाण्याएवढे. ‘डुकरासाठी एलजीच हवे’ असे गावात छातीठोकपणे सांगितले जाते. परंतु बंदूक आवाजासाठी असेल तर जाड छर्ऱ्यावर पैसे घालण्यात काहीच मिळत नाही, आणि चुकलेला जाड छर्रा फार दूरवर इजा करतो.

पावसाळा हा जांबोटीत काडतुसाचा खरा शत्रू. पितळी बुडाला हिरवट थर चढला किंवा नळकांडे फुगले तर ते वापरू नये. काडतूस घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावे. चुलीवरच्या माळ्यावर नव्हे. प्रस्तुत लेखकाने ते माळ्यावर ठेवले होते. ऐन राखणीत घोडा पडला, बार झाला नाही. अशा वेळी नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे असते, कारण बार उशिरा होऊ शकतो. लेखकाने तत्क्षणी बंदूक उघडली. काही झाले नाही, हे केवळ नशीब.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. अमेरिकेत कोयोटीवर हलकी रायफल चालवणे अनेक राज्यांत बारमाही चालते. त्याचाच भाऊबंद असलेला आपला कोल्हा मात्र १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गवाही त्याच यादीत आहे. कोल्ह्याला मारल्यास किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. वास्तविक कोल्हा शेतातले उंदीर खातो. ऊस-मक्याचे थोडे नुकसान करतो, पण त्यासाठी बंदूक काढणे शहाणपणाचे नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने उभ्या पिकाची हानी होत असेल तर ११ व्या कलमाखाली अधिकृत अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तशी परवानगी घेऊन मारलेले जनावरही सरकारचीच मालमत्ता असते.

उरतो तो आवाज. रताळ्याच्या शेतात पहिल्या दोन रात्री बंदुकीच्या बाराने डुकरांचा कळप पळाला, तिसऱ्या रात्री दुसऱ्या बांधावरून आत आला. म्हणून पत्रा, बॅटरी, कुत्री आणि शेजाऱ्याबरोबर आळीपाळीची राखण ही मुख्य, आणि बंदूक तिच्या मदतीला. खसफस ऐकू आली तरी अंधारात आवाजाच्या दिशेने नळी कधीही वळवू नये, कारण त्या बाजूला शेजारीही मचाणावर बसलेला असतो. मचाणावर चढण्यापूर्वी आणि उतरण्यापूर्वी काडतूस काढून खिशात ठेवावे.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. ती जमा करताना मिळालेल्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक नीट उतरला आहे का, ते तिथेच तपासावे, आणि परवान्याची मुदत कधी संपते हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.