चुलीपाशी भरणारी शाळा

“जा, बाहेर खेळ, इथे लुडबुडू नकोस!” स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आलेल्या लहान मुलास बहुधा हेच उत्तर मिळते. कामाच्या घाईत ते स्वाभाविकही आहे. परंतु चार वर्षांचे असता जे मूल आपण होऊन मदतीस येते, तेच बाराव्या वर्षी हाक मारूनही येत नाही. त्यास उंबरठ्यावरून परत कोणी धाडले, याचा विचार आपण करावयास नको काय?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. पावसाळा सरला की सातपुड्यातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. आईबाप कामावर असता धाकट्या भावंडांस जेवू घालण्याचे काम पुष्कळदा थोरल्या मुलावर येते. असा भार मुलांवर पडू नये, हे खरेच. पण तो पडलाच, तर भाकरीबरोबर वरण का हवे हे त्या मुलास ठाऊक असावे; नाहीतर कोरडी भाकरी व मिरचीची चटणी यांवरच वेळ निभावली जाते.

ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. तो तूर व मूग यांच्या डाळीत भरपूर असतो. म्हणजे भाकरी व वरण ही एकमेकांची उणीव भरून काढतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पालेभाजीवर लिंबू पिळले असता तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. या गोष्टी पाठ केल्या तर विसरतात, हाताने केल्या तर राहतात.

मात्र काम वयास शोभेल असे द्यावे. तीन-चार वर्षांच्या मुलाने शेंगा सोलाव्यात, भाजीची पाने खुडावीत. सहा-सात वर्षांच्याने भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, पीठ मापावे, काठवटीत मळून पाहावे. विळी व विस्तव यांजवळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच जाऊ द्यावे. आणि प्रथम साबणाने हात धुणे, हा सर्वांचा पहिला पाठ.

आरंभी एक सोपा प्रयोग करावा. मूठभर मूग रात्री भिजत घालावेत, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधावेत. दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते. जे मूल भाजीला नाक मुरडते, तेच आपण मोड आणलेले मूग आवडीने खाते.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढे सेवाग्रामच्या विद्यालयात स्वयंपाक हाही शिक्षणाचाच भाग होता. तेथे मुलगेही चुलीपाशी बसत, हे विशेष. आपल्या घरी मात्र अजून मुलीच्या हाती लाटणे व मुलाच्या हाती चेंडू दिला जातो. भूक दोघांसही सारखीच लागते. मग हे ज्ञान एकासच का?

पीठ सांडेल, पहिली भाकरी वाकडी होईल. ती वाकडी भाकरी वडिलांनी कौतुकाने खावी. आपण प्रार्थनेत रोजच्या भाकरीची याचना करितो. ती भाकरी सिद्ध करण्यात आपल्या लेकरांचेही हात लागोत, एवढीच आमची विनंती.